पारख : शेजारच्या तबकातील लंबगोल

जिनिव्हा शहरात दरवर्षी मे आणि नोव्हेंबर महिन्यांत घड्याळांचे मोठे लिलाव होतात. लिलावापूर्वी काही दिवस सर्व माल मांडून ठेवलेला असतो आणि इच्छुकाला प्रत्येक घड्याळ हातात घेऊन पाहता येते. अशा ठिकाणी आलेला एखादा संग्राहक डोळ्यांसमोर आणावा. वय पन्नाशीचे, स्वकष्टाच्या मिळकतीतून अनेक वर्षे बाजूला काढलेली एक रक्कम, आणि ती एकाच घड्याळासाठी. नावही ठरलेले : पॅटेक फिलिपचे पोलादी ‘नॉटिलस’. त्या मेजाभोवती गर्दी आहे. आपली पाळी येईपर्यंत त्याची नजर शेजारच्या तबकाकडे जाते. तेथे सोन्याचे एक पातळ घड्याळ पडून आहे. आकार धड गोल नाही, धड चौकोनी नाही. तबकडी गडद निळी, काटे दोनच. तारीख नाही, सेकंदकाटा नाही. घड्याळ त्याच पेढीचे आहे, परंतु त्याला कोणी हात लावलेला दिसत नाही.

हे घड्याळ म्हणजे ‘गोल्डन एलिप्स’, सुवर्ण लंबगोल. ते १९६८ मध्ये बाजारात आले. ग्रीकांच्या काळापासून प्रसिद्ध असलेल्या १.६१८ या सुवर्ण गुणोत्तराशी त्याच्या आकाराचा संबंध जोडला जातो. मात्र व्यापारी मनुष्य फूटपट्टी लावून पाहणारच. २०१८ मध्ये आलेल्या ५७३८ क्रमांकाच्या नमुन्याची मापे ३९.५ आणि ३४.५ मिलिमीटर आहेत; भागाकार केला तर उत्तर १.१४५ च्या आसपास येते. म्हणजे ते गुणोत्तर सरळ उंची-रुंदीत सापडत नाही. आकाराची शोभा मनगटावर ठरवावी, जाहिरातीतील गणितावर विसंबून राहू नये, एवढा धडा पहिल्याच मोजमापात मिळतो.

तबकडीची निळाई मात्र खरोखर सोन्याची आहे. सोन्याच्या पत्र्यावर कोबाल्टच्या साहाय्याने ही छटा आणली जाते. पिवळ्या सोन्याच्या चौकटीत ती निळी तबकडी बसली की प्रकाश बदलेल तशी कधी काळसर, कधी मोरपंखी भासते. छायाचित्रात हा गुण उतरत नाही. घड्याळ उपेक्षित राहण्याचे एक कारण हेही असावे.

ज्या पेढीतून हे घड्याळ आले, तिचा इतिहास व्यापारी घरांनी लक्षात ठेवावा असा आहे. पेढीची मुळे १८३९ पर्यंत जातात; पोलंडहून आलेले आंत्वान पॅटेक आणि फ्रेंच कारागीर आद्रियाँ फिलिप यांची नावे तिला १८५१ मध्ये मिळाली. पुढे जागतिक मंदीने धंदा खिळखिळा झाला, तेव्हा १९३२ मध्ये स्टर्न बंधूंनी ती विकत घेतली. हे बंधू मूळचे तबकड्या तयार करणारे, म्हणजे पॅटेकला माल पुरवणारे. माल देणाऱ्यानेच गिऱ्हाइकाची पेढी सावरली आणि आज त्या घराण्याची चौथी पिढी कारभार पाहते.

संग्राहक आता घड्याळाच्या पोटात काय आहे ते विचारतो. आरंभीच्या ‘एलिप्स’मध्ये चावी द्यावी लागणारे यंत्र होते. नंतरच्या ३७३८ क्रमांकाच्या नमुन्यात २४० क्रमांकाचे यंत्र आहे. हे यंत्र १९७७ चे. मनगटाच्या हालचालीने त्याला आपोआप चावी बसते, तरी त्याची जाडी केवळ २.५३ मिलिमीटर. सामान्यतः स्वयंचलित घड्याळात फिरणारे वजन यंत्राच्या वर बसवतात आणि त्यामुळे जाडी वाढते. येथे ते लहान करून यंत्राच्या पातळीतच बसवले आहे. लहान वजनाने पुरेसा जोर द्यायचा तर धातू जड हवा, म्हणून ते २२ कॅरट सोन्याचे केले. शुद्ध सोने पोलादाच्या जवळजवळ अडीच पट जड असते, हे सराफी पेढीवर बसणाऱ्यास सांगावयास नको. येथे सोने शोभेपेक्षा कामासाठी आले आहे.

या यंत्राचा काळही ध्यानात घ्यावा. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेइको कंपनीने क्वार्ट्झचे पहिले मनगटी घड्याळ विक्रीस आणले. त्यानंतरच्या दीड दशकात स्विस घड्याळ उद्योगातील कामगारांची संख्या सुमारे ९०,००० वरून ३०,००० च्या आसपास आली. चावीची घड्याळे संपली असे सर्वत्र म्हटले जात असताना या पेढीने नवे यांत्रिक यंत्र घडवण्यात भांडवल घातले. पुढे याच यंत्रावर आधारून निरंतर दिनदर्शिकेची घड्याळे झाली. आणि गंमत अशी की, ज्या ‘नॉटिलस’साठी शेजारच्या मेजावर गर्दी आहे, त्याच्या ५७१२ क्रमांकाच्या नमुन्यातही मूळ यंत्र हेच आहे.

मग भावात अंतर का? पोलादी ‘नॉटिलस’ १९७६ मध्ये आले. ते जाड, ठसठशीत, कोणत्याही कपड्यांवर चालणारे. लांबूनच ओळखू येणारे. ‘एलिप्स’ बाहीखाली लपते. ते वडीलधाऱ्यांचे, समारंभाचे घड्याळ ठरले आणि तरुण गिऱ्हाईक दुसरीकडे वळले. सोन्याला पोलादाहून कमी मागणी, असा हा बाजार आहे. मागणी कमी म्हणजे माल हलका, असे गणित येथे लागू पडत नाही.

तथापि दुर्लक्षित वस्तू दिसली की ती स्वस्तात मिळालीच, हा समजही तितकाच घातक आहे. जुन्या घड्याळात काही गोष्टी पाहाव्याच लागतात. वारंवार पॉलिश केल्याने कडा बोथट झाल्या आहेत काय? १८ कॅरट सोन्यावरचा स्विस शिक्का स्पष्ट आहे काय? १९९५ पूर्वीच्या घड्याळांवर हेल्व्हेशिया या स्त्रीचे मस्तक असते आणि त्यानंतरच्या घड्याळांवर सेंट बर्नार्ड जातीच्या कुत्र्याचे. घड्याळाचे सांगितलेले वय आणि शिक्का यांचा मेळ बसला पाहिजे. तबकडी पुन्हा रंगवलेली नाही ना, हे भिंगाखाली तपासावे. पेढीच्या दप्तरातून निर्मितीचा आणि विक्रीचा काळ सांगणारा उतारा मिळतो, तो मागवावा. दुरुस्तीचा खर्च अंदाजात धरावा. लिलावात हातोडा पडतो त्या रकमेवर खरेदीदाराकडून वेगळे कमिशन घेतले जाते आणि ते बऱ्याचदा चौथ्या हिश्शाच्या आसपास असते. बोली लावणारा हे विसरला की हिशेब बिघडतो.

संग्राहक दोन्ही घड्याळे आळीपाळीने मनगटावर ठेवून पाहतो. ‘नॉटिलस’ घेतले तर त्याची सारी रक्कम जाईल. उद्या विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक लगेच मिळण्याचा संभव अधिक. ‘एलिप्स’ घेतले तर बरीच रक्कम शिल्लक राहील. पण विकताना थांबावे लागेल आणि कदाचित घातलेले पैसे परत येणारही नाहीत. रक्कम घराची आहे. तो बाहेर जाऊन पत्नीला फोन करतो आणि ही दुसरी बाजू आधी सांगतो. तिचा एकच प्रश्न येतो : “विकायचेच नसेल, तर यांपैकी कोणते घालाल?”

परत येऊन तो सूचीच्या समासात ‘एलिप्स’पुढे एक आकडा लिहितो. त्यात कमिशन धरलेले आहे आणि दुरुस्तीही. बोली त्या आकड्यापलीकडे गेली, तर हात खाली. घड्याळ मिळाले, तर पावती, दप्तराचा उतारा आणि दुरुस्तीच्या नोंदी एकाच डबीत राहतील. सोबत मुलासाठी एक चिठ्ठी, की हे कितीला घेतले, का घेतले आणि विकायचे झाल्यास घाई करू नये.