सिस्टरला जिन्यात अडवू नका



एप्रिल २०२१. कोरोनाची साथ. खाट मिळत नाही, ऑक्सिजनसाठी नातेवाईक रात्ररात्र फिरताहेत. अशा वेळी वॉर्डात उभी आहे ती सिस्टर. गल्लीत दारोदार ताप बघते आहे ती आशाताई. दोघींच्याही घरी लहान मुलं आहेत. आणि नेमक्या त्यांनाच जिन्यात ऐकावं लागतं, ‘पोरं टाकून जातेच कशी? रोग आणशील घरी!’ तिचा नवरा पोलिसात असो की बस चालवत असो, त्याला हे कुणी विचारत नाही.

हे थांबवा. आजच थांबवा.

पीपीई किट एकदा चढवलं की तासन्‌तास पाणी नाही, लघवी नाही. घरी अंगावर पिणारं बाळ असेल, तर किटच्या आत पान्हा फुटतो, कपडे भिजतात, आणि हात सलाइन लावत राहतात. घरी आल्यावर आधी न्हाणी, मग मूल. धावत आलेल्या पोराला तिनं ‘लांब हो’ म्हणायचं, आणि वर शेजाऱ्यांनी लिफ्ट बंद करायची? उद्या ती टोमण्यांना कंटाळून घरी बसली, तर तुमच्या आईच्या नाकावरचा ऑक्सिजन मास्क सरकल्यावर तो नीट कोण करणार आहे?

मास्क लावा, अंतर ठेवा, पण तिला येऊ द्या. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी तिच्याविरुद्ध लिहिलं, तर गप्प बसू नका. घरमालकहो, खोली रिकामी करायला सांगू नका. साथरोग कायद्यात २०२० साली बदल झाला आहे. आरोग्य कर्मचाऱ्याला राहत्या घरी त्रास देऊन काम करू न देणं हाही आता गुन्हा आहे आणि शिक्षा तीन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आहे. पण तुम्हाला कायद्याची भीती घालायची वेळ येणार नाही, हे मला ठाऊक आहे.

सावित्रीबाईंचा फोटो आपण भिंतीवर लावतो. प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यांच्याच वाटेनं जाणाऱ्या बाईला दारात अडवायचं असेल, तर तो फोटो काढून ठेवलेला बरा.

आता घरातलं. २०१९ च्या सरकारी पाहणीत घरचं काम करणाऱ्या बाईची त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषाची ९७. आता शाळा बंद, पाळणाघरं बंद, अंगणवाडी बंद. हा सगळा भार कुणावर पडला असेल, ते सांगायला हवं का? दादा, भाजी निवडा. भांडी घासा. पोराचा अभ्यास घ्या. ‘मदत करतो’ म्हणू नका, घर तुमचंही आहे. आजी-आजोबा, सुनेला बोल लावू नका.

आणि एक गोष्ट सहज राहून जाते. कित्येक घरांत मोबाइल एकच. तो आशाताईबरोबर सर्वेक्षणाला जातो, आणि पोराची ऑनलाइन शाळा बुडते. तुमच्या घरात जुना फोन पडून असेल, तर पुसून तिच्या दारात ठेवा. नसेल तर आजचा पाठ वहीत उतरवून द्या. जेवणाचा डबा उंबऱ्यावर ठेवा, बेल वाजवा, लांब व्हा.

आज रात्रपाळीला निघालेली सिस्टर जिन्यात भेटली, तर एवढंच म्हणा, ‘ताई, निर्धास्त जा. पोरांकडे आमचं लक्ष आहे.’ आणि खरंच लक्ष ठेवा.