मोठा आवाज आणि बापाचे कान



दिवाळीच्या सुट्टीत बल्लारपूरला एका स्नेह्यांकडे आमचे जाणे झाले. ओट्यावर चार पोरे बसली होती. चौघांच्याही अंगात काळे टी-शर्ट, त्यावर कवट्या आणि वाचताही न येणारी काटेरी अक्षरे. पुण्याला शिकणारी ही पोरे तिथल्या एका लहानशा क्लबात झालेल्या 'हेवी मेटल' संगीताच्या कार्यक्रमावर वाद घालीत होती. आम्हीही खुर्ची ओढून ऐकत बसलो.

एकजण म्हणे, ड्रमवाल्याने दोन्ही पायांनी असा ठेका धरला की तो छातीत वाजत होता. दुसरा म्हणे, ते खरे, पण गिटारच्या आवाजात गाणाऱ्याचे शब्द बुडाले, त्याला जबाबदार साउंडवाला. तिसऱ्याचे दुःख निराळे. ज्या गाण्यासाठी तो तीन तास ताटकळला, ते त्यांनी वाजवलेच नाही! चौथा म्हणाला, "मोठ्या मैदानात पडद्यावरच माणूस पाहावा लागतो. इथं गिटारवाल्याची बोटं दिसत होती."

आम्हाला हसू आले. वडशाच्या कंपनीचे झाडीपट्टी नाटक रात्रभर पाहून आलेली आपली माणसे दुसऱ्या दिवशी धानाच्या खळ्यावर दुसरे काय करतात? कोणाचा आवाज बसला, कोणती लावणी कापली, यावरच दुपार सरते.

पण पोराच्या आईला हे मान्य नव्हते. "हे का गानं होय? अन् अंधारात एकमेकांवर आदळतेत म्हने. कोनी पडला त?" त्यावर पोरगा म्हणाला, "पडला की आजूबाजूचे सगळे थांबतात आणि आधी त्याला उचलतात. तिथला पहिला नियमच तो आहे, आई."

हे खूळ श्रीमंतांच्या पोरांचे, असे आम्हीही समजत होतो. माहिती काढली तेव्हा निराळेच कळले. या संगीताचा उगम इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात झाला. टोनी आयोमी नावाचा १७ वर्षांचा पोरगा तिथे पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ साली, नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका तोच. सर्व संपले असे वाटत असता त्याच्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्ट या वादकाची तबकडी ऐकवली. युरोपात तुच्छ लेखल्या गेलेल्या जिप्सी समाजातला हा जँगो आगीत दोन बोटे अधू झाल्यावरही गिटार वाजवीत असे. मग आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, त्यावर चामडे चिकटवले आणि बारीक तारा लावल्या. पुढे ताण कमी व्हावा म्हणून त्याने तारा सैलही केल्या. त्यातून जो खर्जातला, जड आवाज निघाला, तो आज जगभर वाजतो आहे. त्याच्या 'ब्लॅक सॅबथ' या बँडचा गायक ऑझी ऑस्बोर्न हाही त्याआधी कत्तलखान्यात काम केलेला. पबच्या माडीवरील लहान क्लबांत वाजवत वाजवत त्यांनी १९७० साली पहिली तबकडी काढली. ५ जुलै २०२५ रोजी आपल्याच शहरात ऑझी खुर्चीवर बसून अखेरचा गायला आणि २२ जुलैला गेला.

आपल्याकडेही हे काल-परवाचे नाही. मुंबईत १९८६ पासून 'इंडिपेन्डन्स रॉक' हा महोत्सव होऊ लागला. २००० साली 'डेमॉनिक रेझरेक्शन' आणि २००३ साली 'भयानक मौत' हे बँड मुंबईतच निघाले.

स्नेही मात्र या सर्व गप्पांत गप्प होते. रागावले असावेत असे आम्हाला वाटले. त्यांनी तीस वर्षे कोळसा खाणीत ड्रिल मशीनवर काढली आहेत. ते उठून आत गेले आणि एक लहानशी डबी घेऊन आले. डबीत स्पंजचे कानात घालायचे बोळे होते.

"हे आमाले खानीत भेटत होते," ते पोराला म्हणाले. "आमी खिशात ठेवत होतो. घातले त दोस्त हासत. आता तुहा फोन आला का तुह्या मायजवळ द्या लागते. तू का बोलतं, मले समजत नाही. जाय तू गान्याले. पन हे घालून जाय."

पोरगा खाली मान घालून ती डबी हातात फिरवीत राहिला. आईही काही बोलली नाही.

वाचकहो, हिशेब साधा आहे. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास ऐकला तरी कान सहसा टिकतो. पुढे प्रत्येक ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होत जाते. १०० डेसिबलला उरतात फक्त पंधरा मिनिटे, आणि बंद क्लबात आवाज सहज तेवढा चढतो. घरी परतल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली तर तो इशारा समजावा. कानाच्या आतील सूक्ष्म पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. बोळे औषधाच्या दुकानात थोड्या पैशांत मिळतात. भिंतीएवढ्या स्पीकरला खेटून उभे राहू नये आणि अधूनमधून बाहेर येऊन कानांना विसावा द्यावा.

आणि हे केवळ त्या चार पोरांना सांगून भागणार नाही. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेच्या गाडीपुढे लेकरांना खांद्यावर घेऊन नाचणारे आम्हीच आहोत. आधी त्या लेकरांच्या कानांचा विचार करू, मग पोरांच्या गाण्याला नावे ठेवू.

पोरे काय ऐकतात ते एकदा त्यांच्याजवळ बसून ऐकावे. मग 'बोळे घाल' हे आपले सांगणेही ती ऐकतील.