पान पिवळे की पडदा पिवळा?



आज पिकाच्या रोगावर नाही, संगणकाच्या रोगावर लिहितो आहे. हसू नका. त्या रोगापायी एका घरच्या भाताच्या दोन खाचरांचे नुकसान झाले, आणि सल्ला माझा होता.

२०२३ च्या खरिपातली गोष्ट. भातपट्ट्यातल्या एका ताईंनी मोबाईलवरून पानाचा फोटो पाठवला. खाली लिहिले होते, "साहेब, दुसरा हप्ता देऊन झालाय. घरचे म्हणतात अजून थोडा युरिया टाकू. मला तर रोप काळंभोर दिसतंय. काय करू?" रात्रीचे नऊ वाजले असतील. मी फोटो संगणकावर घेतला, फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला, पान मोठे करून पाहिले. चक्क पिवळट! कळवून टाकले, एकरी अर्धी गोणी द्या. ताई रोज बांधावर उभ्या राहून पाहत होत्या, तरी माझा विश्वास माझ्या पडद्यावर.

तीन आठवड्यांनी खाचरात उतरलो तर रोप माजलेले, बुंध्याला तपकिरी तुडतुडे आणि मधे मधे गोल चट्टे वाळून गेलेले. नत्र जादा झाले की तुडतुडे वाढतात, हे मीच वर्षानुवर्षे सभांतून सांगत आलो आहे. ताई काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच फोटो त्याच संगणकावर उघडला. पान हिरवेगार! मुलाने माझ्या डोळ्यांच्या काळजीने 'नाइट लाइट' नावाची सोय चालू करून ठेवली होती. सूर्य मावळला की ती पडद्यावरचा निळा उजेड कमी करते, म्हणजे सगळेच पिवळसर दिसते. दिवसा ती आपोआप बंद होते. मोबाईलमध्येही अशी सोय असते.

आता तुमच्या घरातही कुणी ना कुणी फोटो पाठवतो, कुणी गूळ-तांदळाच्या पिशवीचे लेबल संगणकावर करतो. म्हणून रंग बिघडलेला दिसला तर काय करायचे ते सांगतो. पंप पाणी फेकत नाही तेव्हा आपण एकदम मोटर उकलत नाही. आधी लाइट पाहतो, मग स्टार्टर, मग केबल. इथेही बिघाड तीन जागी असू शकतो : फोटोत, पडद्यात किंवा सॉफ्टवेअरमध्ये. जागा कळल्याशिवाय रंगाला हात लावू नका. पडद्याची चूक फोटोत दुरुस्त करायला गेलात तर चांगला फोटो बिघडतो.

जागा शोधायची युक्ती सोपी आहे. फोटो काढताना पानाशेजारी पांढरा कागद ठेवा, पोराच्या वहीचे कोरे पान चालेल. कागदावर आणि पानावर उजेड सारखा पडू द्या. फोटो सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर ड्रॉपरसारखे चित्र असलेले 'कलर पिकर' घ्या आणि कागदावर टेकवा. जिंप नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्येही ते आहे. तिथे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे दिसतात, प्रत्येक ० ते २५५ मधला. पडदा कितीही खोटे बोलो, हे आकडे बदलत नाहीत. तिन्ही जवळजवळ सारखे, समजा २१०, २१२, २०९ असे आले आणि तरी कागद पिवळा दिसत असेल, तर फोटो निर्दोष आहे. निळ्याचा आकडा बराच खाली असेल तर पिवळेपणा फोटोतच आहे, बहुधा बल्बच्या उजेडात काढलेला. तिन्ही २५५ आले तर कागद उजेडाने भाजून निघाला आहे, त्यावरून काहीच ठरवू नका.

फोटोतच खोट असेल तर पिकाच्या सल्ल्यासाठी तो सुधारत बसू नका, सावलीत दुसरा काढा. 'ऑटो' बटण तर दाबूच नका. खरे पिवळे पान कोणते आणि उजेडाचा पिवळेपणा कोणता, हे त्या बटणाला कळत नाही.

पडद्यात खोट असेल तर आधी नाइट लाइट पाहा. त्यात एक गंमत आहे : पडद्याचा स्क्रीनशॉट काढून दुसऱ्याला पाठवला तर त्याला रंग ठीकच दिसतो, कारण ही पिवळी झाक सहसा स्क्रीनशॉटमध्ये उतरत नाही. जुन्या मॉनिटरची निळ्या टोकाची व्हीजीए केबल सैल झाली तरी सगळा पडदा पिवळा किंवा गुलाबी होतो. केबल दाबून बसवा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

तिसरा बिघाड जरा किचकट. तोच फोटो, तोच पडदा, पण एका सॉफ्टवेअरमध्ये रंग ठीक आणि दुसऱ्यात फिका. फोटोच्या आकड्यांसोबत एक चिठ्ठी असते, तिला 'प्रोफाइल' म्हणतात. पूर्वी पायली गावोगावी वेगळी असे. नुसते 'तीन पायल्या' म्हणून भागत नसे, कुठली पायली ते सांगावे लागे. तसेच हे. एसआरजीबी ही सर्वत्र चालणारी पायली, अ‍ॅडोबी आरजीबी तिच्याहून मोठी. मोठ्या पायलीने मोजलेला फोटो छोट्या पायलीचा समजून उघडला की रंग मेल्यासारखे दिसतात. तिथे 'असाइन' आणि 'कन्व्हर्ट' असे दोन पर्याय येतात. असाइन म्हणजे पोत्यावरची चिठ्ठी बदलणे, कन्व्हर्ट म्हणजे धान्य दुसऱ्या पायलीने पुन्हा मोजून देणे. फोटो गावभर पाठवायचा असेल तर एसआरजीबीत कन्व्हर्ट करा. आणि बाकी सगळे पांढरे दिसत असताना फक्त फोटोच पिवळा पडत असेल, तर मॉनिटरची स्वतःची चिठ्ठी खराब असू शकते. विंडोजच्या 'कलर मॅनेजमेंट'मध्ये ती काढून एसआरजीबी लावा.

लेबलवाल्यांसाठी इतकेच : पडदा उजेडाने रंग दाखवतो, छापखाना शाईने. पडद्यावरचा झगझगीत हिरवा कागदावर येत नाही. हजार प्रती काढण्याआधी एक नमुना काढून घ्या.

भाताचा हिरवेपणा पाहायला आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेची चार पट्ट्यांची पर्णरंग पट्टी मिळते. पान तोडू नका, पाठ सूर्याकडे करून आपल्याच सावलीत पट्टीशी ताडून पाहा. मी आता फोटोबरोबर त्या पट्टीचा क्रमांकही मागतो.

२०२४ च्या खरिपात त्याच ताईंचा फोटो आला. पानाखाली वहीचा कागद, कागदावर पोराचे अर्धे गणित. कोऱ्या जागेचे आकडे पाहिले, सारखे होते, पान गडद हिरवे. मी कळवले, युरिया देऊ नका.

उत्तर आले, "ते आम्हाला दिसतंच होतं साहेब. तुम्हाला दिसतंय का ते बघत होते."