गादी सरकली, आता ऑपरेशन करायचे का?

आपल्या वस्त्यांमध्ये कंबरेचे दुखणे घरोघरी आहे. हमाली, बांधकाम, झाडलोट, शेतमजुरी ही सारी कामे कंबरेच्या जिवावर चालतात. एके दिवशी कळ पायात उतरते, एमआरआय होतो आणि 'गादी सरकली, शीर दबली' असा रिपोर्ट हाती येतो. त्याच रात्री घरात दागिने गहाण टाकण्याची बोलणी सुरू होतात. म्हणूनच या बाबतीत संशोधन काय सांगते, ते आम्ही आज वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवत आहोत.

पहिली गोष्ट, नुसत्या रिपोर्टने घाबरून जाऊ नये. १९९४ साली अमेरिकेत एक पाहणी प्रसिद्ध झाली. कंबर मुळीच दुखत नसलेल्या ९८ माणसांचा एमआरआय काढला, तेव्हा ५२ टक्के लोकांची एखादी तरी गादी फुगलेली निघाली. २७ टक्के लोकांची तर बाहेर सरकलेली होती, आणि त्यांना त्रास काहीच नव्हता! तेव्हा फिल्ममध्ये दिसणारा दोष हेच दुखण्याचे कारण, असे धरून चालत नाही. फिल्म, कळ जाण्याची वाट आणि पायातील ताकद यांचा मेळ बसावा लागतो. तो डॉक्टरांनी अंगाला हात लावून तपासल्याशिवाय कळत नाही.

दुसरी गोष्ट थांबण्याची. नेदरलँड्समध्ये सहा ते बारा आठवडे पायात तीव्र कळ असलेल्या २८३ रुग्णांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला लवकर ऑपरेशन, दुसऱ्याला औषधे आणि धीर, गरज पडली तरच ऑपरेशन. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ऑपरेशनवाल्यांची कळ लवकर थांबली, हे खरे. पण वर्षअखेर दोन्ही गटांत ९५ टक्के रुग्ण बरे झालेले होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना वर्षभरात ऑपरेशन करावे लागले, बाकीच्यांचे त्यावाचून निभावले.

याचा अर्थ ऑपरेशन वाईट असा नाही. हातावर पोट असलेल्याला चार महिने कळ सोसणे परवडत नाही; त्याने विचारपूर्वक लवकर ऑपरेशन करून घेतले, तर त्यात चूक नाही. मात्र हा दिलासा पायातल्या कळीसाठी आहे. ज्यांची फक्त कंबर दुखते, त्यांनी या ऑपरेशनकडून तशी आशा धरू नये.

मात्र काही लक्षणे दिसली तर एक दिवसही थांबू नये. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, जांघेत व बसण्याच्या जागी बधिरपणा येणे, पायातली ताकद झपाट्याने कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी मोठे इस्पितळ गाठावे. उशीर झाला तर कायमचे अपंगत्व येऊ शकते.

एरवी सही करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा : माझी कोणती शीर दबली आहे? थांबलो तर काय होईल? ऑपरेशनने कंबर थांबेल की पायाची कळ? एकूण खर्च किती? शक्य तर फिल्म घेऊन सरकारी इस्पितळातील हाडांच्या विभागात दुसरे मत घ्या. अंथरुणाला खिळून राहू नका, झेपेल तेवढे चालत-फिरत राहा.

प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे. शरीर आपले आहे आणि कर्जही आपणच फेडणार आहोत, तेव्हा समजून घेऊनच होकार द्यावा, एवढेच आमचे सांगणे आहे.