संमतिपत्र कोणत्या भाषेत वाचायचे?

आमच्या विभागातून एम. ए. झालेली एक विद्यार्थिनी सध्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या कार्यालयात काम करते. मध्यंतरी ती आम्हा दोघांना भेटायला आली आणि तिने टेबलावर तीन माहितीपत्रके व एक संमतिपत्र ठेवले. स्तनवर्धनाची शस्त्रक्रिया करून घ्यायचे तिने ठरवले होते. एक दवाखाना आमच्याच शहरातला, दुसरा पुण्याचा, तिसरा मुंबईचा. "सर, मॅडम, करू की नको हे विचारत नाहीये. हे कागद नीट कसे वाचायचे, तेवढं सांगा," असे ती म्हणाली.

प्रामाणिकपणे सांगायचे तर आमच्या ओठांवर उपदेशच आला होता. सौंदर्याच्या बाजारपेठेवर आम्ही वर्गात पुष्कळ बोललेलो आहोत. पण तिने आम्हांला तो प्रश्न विचारलेला नव्हता. संहिता वाचणे हा आमचा व्यवसाय आहे आणि तिला आमच्याकडून तेवढीच मदत हवी होती. म्हणून आम्ही कागद वाचायला घेतले.

तिन्ही पत्रकांत 'आत्मविश्वास', 'नैसर्गिक' आणि 'परिपूर्ण' हे शब्द पुनःपुन्हा येत होते. शस्त्रक्रियेपूर्वीची व नंतरची छायाचित्रे होती, हप्त्यांची सोय होती. शस्त्रक्रिया कोण करणार, भूल कोण देणार, रोपण कोणत्या कंपनीचे व कोणत्या प्रकारचे, यांविषयी एक ओळही नव्हती. 2002 च्या वैद्यकीय नीतिनियमांनी डॉक्टराने जाहिरात करून रुग्ण मिळवणे गैर ठरवले आहे. ही पत्रके मात्र डॉक्टरच्या नव्हे, 'सेंटर'च्या नावाने निघतात. विशेषणे भरपूर आणि नामे नाहीत, असा मजकूर एखाद्या कवितासंग्रहाच्या मलपृष्ठावर आम्ही खपवून घेतला नसता.

संमतिपत्र इंग्रजीत होते आणि सगळे महत्त्वाचे त्यातच होते. रोपण आयुष्यभर टिकत नाही; ते फाटू शकते; त्याभोवती शरीर जे आवरण तयार करते ते आकसून स्तन कडक व वेदनादायी होऊ शकतो; पुढे पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते; स्तनाग्राची संवेदना आणि बाळाला पाजणे यांवर परिणाम होऊ शकतो. म्हणजे आश्वासने मराठीत आणि धोके इंग्रजीत, अशी ही भाषिक वाटणी होती.

या धोक्यांना इतिहास आहे. सिलिकॉनचे पहिले रोपण 1962 साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे झाले. 1992 मध्ये तेथील औषध प्रशासनाने सिलिकॉन जेलच्या रोपणांवर कडक निर्बंध घातले. ते 2006 मध्ये उठले. फ्रान्समधील 'पीप' या कंपनीने वैद्यकीय सिलिकॉनऐवजी औद्योगिक सिलिकॉन वापरल्याचे 2010 मध्ये उघड झाले आणि 2013 मध्ये तिच्या संस्थापकाला कारावासाची शिक्षा झाली. खडबडीत पृष्ठभागाच्या काही रोपणांचा एका दुर्मीळ लिम्फोमाशी संबंध आढळल्याने ॲलर्गन कंपनीला 2019 मध्ये ती जगभरातून परत घ्यावी लागली. 2021 पासून अमेरिकेत प्रत्येक स्त्रीसोबत धोक्यांची यादी मुद्देनिहाय वाचून तिची सही घेणे आवश्यक आहे.

आपल्याकडेही आधार आहेत. प्लास्टिक सर्जरीची एम. सीएच. किंवा डीएनबी ही पदवी आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणी तपासता येते. केवळ कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणे म्हणजे सौंदर्यशस्त्रक्रियेचे प्रशिक्षण नव्हे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये स्पष्ट केले. त्याआधी 2008 साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की उपचाराचे स्वरूप, हेतू, पर्याय आणि मोठे धोके यांची पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली संमती हीच खरी संमती. त्या खटल्यातील स्त्रीने तपासणीला संमती दिली होती. भुलेखाली असताना तिचे गर्भाशय काढले गेले. आमचा प्रश्न एवढाच, की माहिती न कळणाऱ्या भाषेत असेल तर ती 'मिळाली' असे कसे म्हणायचे?

यावर आमचेच काही सहकारी म्हणतील, की हे सुखवस्तूंचे चोचले आहेत; मराठीच्या अध्यापकांनी त्यात का पडावे? आम्हांला हा आक्षेप पटत नाही. तमिळनाडू सरकारने 2018 साली चेन्नईच्या स्टॅन्ली रुग्णालयात गरीब स्त्रियांसाठी ही शस्त्रक्रिया मोफत सुरू केली, तेव्हाही असाच वाद झाला होता. त्या धोरणाशी कोणी सहमत असो वा नसो, आपले शरीर आपल्याला कसे हवे हा प्रश्न केवळ पैसेवाल्यांनाच पडतो, हे गृहीतक त्या वेळी उघडे पडले. शिवाय कर्करोगात स्तन गमावलेल्या आणि पुनर्रचना करून घेणाऱ्या स्त्रीपुढेही हेच संमतिपत्र येते.

आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर पैठण आहे. परंपरेनुसार तिथल्या सातवाहन राजा हालाने संकलित केलेल्या 'गाथासप्तशती'त स्त्रीदेहाविषयी जी मोकळीक आहे, ती आम्ही दर वर्षी कौतुकाने शिकवतो. त्याच परंपरेचे वारस असलेल्या मराठीत आज एखादी स्त्री डॉक्टरसमोर स्वतःच्या स्तनाविषयी बोलू लागली, की तिच्यापुढे शृंगाराचा किंवा शिवीचा शब्द उरतो, नाहीतर ती इंग्रजीकडे वळते. ही उणीव डॉक्टरांची नाही, आपली आहे.

म्हणून आमची सूचना अशी : मराठी विभागांनी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील शल्यचिकित्सकांबरोबर बसून संमतिपत्रांचे सोपे, नेमके मराठी मसुदे तयार करावेत. 'व्यावहारिक मराठी'च्या तासाला आपण अजून अर्ज आणि इतिवृत्त शिकवतो. त्या जागी हे काम विद्यार्थ्यांना देता येईल.

त्या दिवशी आम्ही तिघांनी मिळून मराठीत सात प्रश्न लिहून काढले : शस्त्रक्रिया करणाऱ्याची पदवी व नोंदणी क्रमांक, अशा किती शस्त्रक्रिया केल्या, भूलतज्ज्ञ कोण, अतिदक्षतेची सोय कुठे, रोपणाचे नाव व प्रकार, दुसरी शस्त्रक्रिया लागल्यास खर्च कोणाचा, आणि संमतिपत्र मराठीत मिळेल का. तिने ते तिन्हीकडे पाठवले. एका ठिकाणाहून फक्त सवलतीचा निरोप आला, दुसऱ्या ठिकाणाहून काहीच नाही. तिसऱ्या ठिकाणी डॉक्टरांनी स्वतः फोन करून सहा प्रश्नांची उत्तरे दिली आणि सातव्याबद्दल म्हणाले, "मराठीत नाही, पण तुम्ही लिहून दिलंत तर मी तपासून देतो."

तिने अजून निर्णय घेतलेला नाही. मसुदा मात्र आम्ही लिहायला घेतला आहे.