विश्लेषण : निकालाचे पान उघडत का नाही? दोष फोनचा की सर्व्हरचा?

दहावीचा निकाल दुपारी एक वाजता जाहीर होणार असतो. राज्यात दरवर्षी १५ लाखांहून अधिक विद्यार्थी ही परीक्षा देतात. एकला पाच मिनिटे कमी असतानाच घरोघरी फोन हातात घेऊन मंडळी बसलेली असतात. एक वाजतो आणि स्क्रीनवर गोल चाक फिरू लागते. कोणी फोन बंद करून पुन्हा सुरू करतो, कोणी गच्चीवर रेंज शोधतो, कोणी शेजाऱ्यांकडे वायफायचा पासवर्ड मागतो. निकाल असो, प्रवेशाचा अर्ज असो की पीक विम्याचा, पान उघडले नाही की आपण पहिला दोष फोनला देतो. प्रत्यक्षात अनेकदा अडचण पलीकडच्या टोकाला, म्हणजे सर्व्हरवर असते. आणि त्यातला मोठा भाग नवी यंत्रे विकत न घेता, केवळ सेटिंग नीट करून सुटू शकतो.

पान ‘उघडते’ म्हणजे नेमके काय होते?

लिंकवर बोट टेकवले की फोन आधी त्या संकेतस्थळाचा पत्ता शोधतो, मग सर्व्हरशी जोडणी करतो. सुरक्षित संवादासाठी दोघांत सांकेतिक किल्ल्या ठरतात आणि त्यानंतर पहिली मागणी जाते. उत्तरात पानाचा सांगाडा येतो. तो वाचल्यावर फोनला कळते की रंगरूपाची फाइल, स्क्रिप्ट, फॉन्ट आणि चित्रे अजून आणायची आहेत. एका पानासाठी अशा पन्नासेक मागण्या होणे नवलाचे नाही. पानातील मुख्य मजकूर किंवा चित्र अडीच सेकंदांच्या आत दिसले, तर गुगलच्या निकषानुसार ते पान ‘चांगले’ ठरते.

गर्दी झाली की सर्व्हर का अडखळतो?

१९९५ मध्ये आलेल्या अपाची या लोकप्रिय सर्व्हर सॉफ्टवेअरची जुनी पद्धत ‘एका गिऱ्हाइकामागे एक कामगार’ अशी होती. ती आजही अनेक ठिकाणी वापरात आहे. या पद्धतीत कामगारांची मूळ मर्यादा २५६ असते. त्यानंतर येणारे रांगेत थांबतात. मग संख्या वाढवली की झाले, असे वाटेल; पण समजा प्रत्येक कामगार ५० एमबी मेमरी घेतो, तर २५६ जणांनाच १२ जीबीहून अधिक लागते. यंत्रात ८ जीबीच असेल, तर ते मेमरीऐवजी डिस्कवर काम ढकलू लागते आणि सगळेच रखडते. म्हणजे आकडा वाढवल्याने वेग वाढण्याऐवजी घटतो.

एका यंत्रावर एकाच वेळी दहा हजार जोडण्या कशा सांभाळायच्या, हा प्रश्न १९९९ मध्ये डॅन केगल यांनी चर्चेत आणला. त्यावर उत्तर म्हणून रशियातील इगोर सिसोएव यांनी लिहिलेले एनजिनएक्स २००४ मध्ये खुले झाले. त्यात एकच कामगार हजारो जोडण्यांकडे लक्ष ठेवतो आणि ज्याचे काम तयार आहे त्याला पुढे घेतो. अपाचीतही आता अशा प्रकारची सोय आहे. ती सुरू करणे हे सेटिंगचेच काम.

दुसरा मुद्दा जोडणी किती वेळ धरून ठेवायची हा. किराणा दुकानात मीठ घेऊन बाहेर पडायचे आणि साखरेसाठी पुन्हा रांगेत उभे राहायचे, असे कोणी करत नाही. सर्व्हरनेही एकाच जोडणीवर अनेक फाइली द्याव्यात, हे बरे. पण यादी संपल्यावरही गिऱ्हाईक गल्ल्यासमोर उभे राहिले, तर मागचे खोळंबतात. म्हणून अपाचीत ही मुदत मुळात पाच सेकंद असते; एनजिनएक्सला रिकामी जोडणी स्वस्त पडते, म्हणून तिथे ती ७५ सेकंद आहे. एकाचा आकडा दुसऱ्याकडे डोळे झाकून उतरवणे अंगलट येऊ शकते.

मराठी पान इंग्रजीपेक्षा जड असते का?

मजकुरापुरते बोलायचे तर हो. वेबवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्हाला तीन. ‘सर्व्हर’ या शब्दात हलन्त धरून सात चिन्हे आहेत, म्हणजे २१ बाइट. तोच शब्द इंग्रजीत सहा बाइटमध्ये मावतो.

यावरचा उपाय म्हणजे पाठवण्यापूर्वी मजकूर आवळणे. देवनागरीच्या तीन बाइटपैकी पहिला सगळीकडे सारखाच असतो आणि दुसऱ्यातही फारसा फरक नसतो. पुनरावृत्ती जितकी जास्त, तितके आवळणे सोपे. त्यामुळे जीझिप किंवा २०१५ मध्ये गुगलने आणलेली ब्रॉटली ही पद्धत मराठी पानांना विशेष लाभाची ठरते. पण एनजिनएक्समध्ये जीझिप मुळात बंद असते. ते सुरू केले तरी फक्त पानाचा सांगाडा आवळला जातो. रंगरूपाच्या आणि स्क्रिप्टच्या फाइलींचे प्रकार वेगळे नोंदवावे लागतात. अनेक ठिकाणी नेमके हेच राहून जाते.

हिशेब करून पाहा. समजा एका पानाचा मजकूर, रंगरूप आणि स्क्रिप्ट मिळून ६०० केबी आहे. १५ लाख लोकांनी ते एकदा पाहिले, तर सर्व्हरला ९०० जीबी पाठवावे लागतील. आवळून १५० केबी झाले, तर २२५ जीबी. दीड जीबीच्या रोजच्या पॅकवर घर चालवणाऱ्यालाही हा फरक जाणवतो. मात्र जेपेग चित्रे आधीच आवळलेली असतात. ती पुन्हा आवळण्यात सर्व्हरची मेहनत वाया जाते. चित्रांसाठी योग्य आकार आणि वेबपीसारखा हलका प्रकार हाच मार्ग.

तेच बोधचिन्ह रोज नव्याने का उतरते?

कारण ‘हे जपून ठेव’ असे सर्व्हरने फोनला सांगितलेले नसते. बोधचिन्ह, फॉन्ट, रंगरूपाची फाइल रोज बदलत नाही. त्यावर वर्षभराची मुदत लिहून दिली, तर दुसऱ्या भेटीत फोन ती स्वतःकडूनच घेतो. फाइल बदलली की तिचे नाव बदलायचे, म्हणजे नवी आपोआप उतरते. हाच विचार सर्व्हरच्या बाजूलाही लागू होतो. जाहीर झालेला निकाल दर मिनिटाला बदलत नाही. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी डेटाबेस नव्याने चाळण्याऐवजी पाने आधीच तयार करून ठेवली, तर सर्व्हरला फक्त ती उचलून द्यायची असतात.

इथे एक इशारा महत्त्वाचा. काय जपायचे नाही, हेही तितक्याच काटेकोरपणे ठरवावे लागते. २०१५ च्या नाताळात ‘स्टीम’ या गेमच्या संकेतस्थळावर साठवणीच्या चुकीच्या सेटिंगमुळे काहींना दुसऱ्याच ग्राहकांची पाने दिसली. सुमारे ३४ हजार ग्राहकांना याचा फटका बसला असावा, असे व्हॉल्व्ह कंपनीने नंतर सांगितले. वेगाच्या नादात एकाची गुणपत्रिका किंवा बँकेचा तपशील दुसऱ्याच्या हाती पडता कामा नये.

सर्व्हर जवळ असल्याने फरक पडतो?

पडतो. मुंबई ते न्यूयॉर्क अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे सरळ तार धरली तरी जाऊन येण्यात सेकंदाचा आठवा भाग जातो. जोडणी, किल्ल्या, मागणी अशा तीन-चार फेऱ्यांतच अर्धा सेकंद संपतो. त्यामुळे पानाच्या प्रती वाचकाजवळच्या शहरांत ठेवणारे सीडीएन जाळे उपयोगी पडते.

फेऱ्या कमीही करता येतात. २०१८ च्या टीएलएस १.३ मध्ये किल्ल्या ठरवायला दोनऐवजी एकच फेरी लागते. २०१५ च्या एचटीटीपी/२ मध्ये एकाच जोडणीवरून अनेक फाइली एकत्र येतात. २०२२ मध्ये प्रमाणित झालेल्या एचटीटीपी/३ मध्ये धावत्या लोकलमध्ये एखादी फाइल अडखळली, तरी बाकीच्या तिच्यासाठी थांबत नाहीत.

मग हे होत का नाही?

कारण संकेतस्थळ बनवणारा ते कार्यालयातील वेगवान जोडणीवर, महागड्या लॅपटॉपवर तपासतो. तिथे सगळे झटपट उघडते. काम घेणाराही ‘दिसते कसे’ एवढेच पाहतो. साध्या फोनवर, कमकुवत रेंजमध्ये पान किती सेकंदांत उघडते, हे कोणी विचारत नाही. गर्दीची रंगीत तालीमही होत नाही. खरी परीक्षा थेट निकालाच्या दिवशीच.

हे बदलायचे तर वेगाची अट कामाच्या करारातच असायला हवी. पान अमुक सेकंदांत उघडेल, अपेक्षित गर्दीची चाचणी आधी घेतली जाईल आणि तिचा अहवाल जाहीर होईल, एवढे तरी जनतेच्या पैशांतून बनणाऱ्या संकेतस्थळांनी स्वीकारले पाहिजे. सेटिंगने सगळेच सुटेल असे नाही. डेटाबेस कच्चा असेल किंवा गर्दी खरोखरच अफाट असेल, तर जादा यंत्रे लागतीलच. पण आधी असलेली यंत्रे नीट वापरली का, हा प्रश्न खरेदीच्या आधी यायला हवा.

वाचक काय करू शकतो?

गुगलच्या ‘पेजस्पीड इनसाइट्स’वर कोणत्याही सार्वजनिक पानाचा पत्ता टाकला, की मोबाइलवरील वेग आणि त्रुटी मोफत कळतात. मजकूर आवळलेला नाही, फाइली जपून ठेवायला सांगितलेले नाही, हे तिथे दिसते. तक्रार करताना ‘साइट चालत नाही’ एवढेच न लिहिता या त्रुटींचा स्क्रीनशॉट जोडा. गर्दीच्या वेळी पान सारखे रिफ्रेश करणे मात्र टाळा; प्रत्येक वेळी तुमची मागणी नव्याने रांगेत लागते आणि रांग वाढते. दहावीचा निकाल डिजिलॉकरसह अनेक ठिकाणी मिळतो, तोही पर्याय आहेच.

शासकीय सेवा एकेक करून फोनवर येत आहेत. खिडकीवरची रांग संपली म्हणायची, तर स्क्रीनवरची रांगही संपवावी लागेल.