सौंसरचा साडू आणि काँगोचं कथील

माझी सासुरवाडी सौंसरची. गोव्याचा माणूस तिथे जावई म्हणून कसा पोचला ती कथा मोठी आहे, पुन्हा कधीतरी. सरकारदरबारी तो मध्य प्रदेश, पण घरात मराठी, अंगणात संत्री आणि बाजारहाट नागपूरचा. २०२३ साली छिंदवाड्यातून काढून सौंसर आणि पांढुर्णा मिळून नवा पांढुर्णा जिल्हा झाला. आमच्या पणजीत कुणाला विचाराल तर पांढुर्णा म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर होणारी गोटमार, बस्स. संघर्ष आणि दगड यांचा तेवढाच संबंध लोकांना माहीत असतो.

तर माझ्या साडूचा तिथे एक छोटा कारखाना आहे. सहा माणसं. पितळेचे टर्मिनल बनवतात, वर कथलाचा मुलामा. माल पुण्याच्या एका कंपनीला जातो, ती तो आणखी कशात तरी घालून अमेरिकेला पाठवते. मध्यंतरी रात्री त्याचा फोन.

"भाऊ, हे काँगो कुठं आलं हो?"

मला वाटलं नातवाचा भूगोलाचा अभ्यास घेतोय. पण नाही. पुण्याहून एक एक्सेलचा तक्ता आला होता. तुमच्या मालात कथील, टँटलम, टंगस्टन, सोनं आहे काय? ते काँगो किंवा त्याच्या शेजारच्या देशांतलं आहे काय? ते ज्या भट्टीत गाळलं तिचं नाव काय? दहा दिवसांत भरून पाठवा, नाहीतर पुढची ऑर्डर थांबेल.

"आमी त कथील इतवारीतून आणतो. इतवारीवाला कुठून आणते, मले का ठाऊक?"

मी कारकून माणूस. फॉर्म म्हटला की माझे कान टवकारतात. तो तक्ता मागवून घेतला आणि रविवार त्यात घालवला. त्याला सीएमआरटी म्हणतात. भाषा निवडायची सोय आहे. त्यात पोर्तुगीज आहे, मराठी नाही, हिंदीही नाही. (१९६१ नंतर पोर्तुगीज येणाऱ्या गोंयकाराचा हेवा वाटण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग.)

आता मूळ गोष्ट. २०१० साली अमेरिकेत डॉड-फ्रँक कायदा झाला. त्याच्या १५०२ क्रमांकाच्या कलमात असं आहे, की शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांनी आपल्या मालातली ही चार खनिजं काँगो आणि त्याला लागून असलेल्या नऊ देशांतली आहेत काय याचा शोध घ्यावा आणि दरवर्षी ३१ मेपर्यंत तिथल्या रोखे आयोगाला कळवावं. कारण खरं आहे, आणि भयंकर आहे. पूर्व काँगोत बंदूकधारी टोळ्या खाणी बळकावतात, खाणकऱ्यांकडून कर उकळतात आणि त्या पैशातून आणखी बंदुका घेतात. युरोपीय संघाचा असाच कायदा २०२१ च्या १ जानेवारीपासून लागू झाला. हेतूबद्दल माझं काही म्हणणं नाही. ज्याला मोबाईल वापरायचा आहे त्याने त्यातल्या रक्ताचा हिशेब विचारलाच पाहिजे.

माझं भांडण आहे ते हिशेब कोणाकडून मागितला जातो याच्याशी. कायदा साडूला लागू नाही. तो लागू आहे अमेरिकेतल्या बड्या पात्रांवला. पात्रांव खालच्याला विचारतो, तो पुण्याला, पुणं सौंसरला. सौंसरने विचारायचं इतवारीतल्या धातूच्या दुकानदाराला. एका वेळी वीस किलो कथील नेणाऱ्या गिऱ्हाइकाने "शेटजी, तुमच्या कथलाची भट्टी कुठली?" असं विचारलं तर शेटजी काय म्हणतील हे नागपूर पाहिलेल्याला सांगायला नको. दुकानदाराला उत्तर देणं भाग पाडील असं काहीही साडूच्या हातात नाही, आणि ज्याच्या हातात आहे तो तक्ता पाठवून मोकळा. पूर्वी दारात कल्हईवाला यायचा, नवसागराचा धूर करून भांडी चांदीसारखी करून जायचा. त्याच्या पिशवीतलं कथील कुठल्या बेटावरचं होतं हे आमच्या आजीने त्याला विचारलं असतं तर तो बोचकं उचलून पळालाच असता. साडूची आजची अवस्था त्याच्याहून वेगळी नाही. फरक एवढाच, की त्याला पळता येत नाही.

मग त्याने खरं तेच लिहावं ना? तक्त्यात 'माहीत नाही' असा पर्याय आहे. साडूने तोच निवडला. दोन दिवसांत पुण्याहून निरोप: हे चालणार नाही, 'नाही' लिहा आणि सही करून पाठवा.

आता गंमत बघा. अमेरिकेच्या रोखे आयोगाने २०१२ मध्ये नियम केले तेव्हा बड्या कंपन्यांना पहिली दोन वर्षं आणि छोट्या कंपन्यांना चार वर्षं 'ठरवता येत नाही' असं लिहायची अधिकृत मुभा दिली होती. पहिले अहवाल २०१४ मध्ये आले, आणि बहुतेक कंपन्यांना खनिज कुठलं ते सांगता आलं नाही, असं तिथल्याच सरकारी लेखापरीक्षकांनी नोंदवलं. वकिलांची फौज पदरी असलेल्यांना 'ठरवता येत नाही' हे उत्तर चाललं. सहा माणसांच्या कारखान्याला 'माहीत नाही' चालत नाही! वरच्याचं अज्ञान हा अहवाल, खालच्याचं अज्ञान हा गुन्हा.

आणि एवढा कागद रंगवून काँगोत काय झालं? २०२४ मध्ये एम-२३ बंडखोरांनी रुबाया घेतलं. टँटलम ज्यातून निघतं त्या कोल्टनचा जगातल्या मोठ्या साठ्यांपैकी एक तिथे आहे. २०२५ च्या जानेवारीत गोमा शहरही पडलं. तक्ते मात्र वेळेवर भरले जात आहेत.

मी गोव्याचा आहे म्हणून मला हे जरा जास्त टोचतं. आमच्या खनिजाच्या प्रत्येक ट्रकाला पास होता. रॉयल्टीची चलनं होती, बार्जवर चढवल्याच्या नोंदी होत्या, सगळ्यावर गोल शिक्के. २०१२ मध्ये न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल आला आणि सुमारे ३५ हजार कोटींच्या नुकसानीचा आकडा बाहेर पडला. २०१४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की लीजची मुदत २२ नोव्हेंबर २००७ लाच संपली होती. म्हणजे पुढची पाच वर्षं डिचोली-सांगेच्या रस्त्यांवर जे धावलं ते सगळं बेकायदा, आणि कागद मात्र बरोबर. कागद बरोबर असणं आणि गोष्ट बरोबर असणं यांतलं अंतर मोजायला गोव्याहून चांगली प्रयोगशाळा नाही. मी स्वतः हयातभर कागदच बरोबर करत आलो आहे, त्यामुळे हे अधिकाराने सांगतो.

पण मला खरा संताप आला तो तक्त्यात काय विचारलेलं नाही ते पाहून. सौंसरच्या मातीत मँगनीज आहे. भूगर्भशास्त्रात 'सौसर समूह' म्हणून जो खडकांचा समूह शिकवतात त्याला या गावाचं नाव आहे. छिंदवाडा, नागपूर, भंडारा, बालाघाट असा तो पसरला आहे. कच्छीधाना, गोवारी वढोणा, सीतापार ही इथल्या जुन्या खाणींची गावं. लुईस फर्मोर नावाच्या इंग्रज भूगर्भतज्ज्ञाने १९०९ मध्ये हिंदुस्थानातल्या मँगनीजवर मोठा ग्रंथ लिहिला. सीतापारच्या एका खनिजाला त्याने 'सीतापाराइट' असं नाव दिलं होतं. पुढे ते आधीच माहीत असलेलं बिक्सबाइट निघालं आणि सीतापारचं नाव यादीतून गेलं. १८९६ मध्ये निघालेल्या ब्रिटिश कंपनीची १९६२ मध्ये सरकारी मँगनीज ओअर इंडिया झाली. तिचं मुख्यालय नागपूरला, पोलाद कारखान्यांना लागणारं मँगनीज आजही ती पुरवते.

हे मँगनीज साडूच्या तक्त्यात नाही. अमेरिकेच्या चारांत नाही. बॅटऱ्यांसाठी युरोपने २०२३ मध्ये जो नियम केला त्यात खाणीपर्यंत तपास करायचा तो कोबाल्ट, ग्रॅफाइट, लिथियम आणि निकेल यांचा. बॅटरीत मँगनीजही असतं, ते वगळलं. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की माणसाचे हात कापायला लागतात, चाल बिघडते, हे वैद्यकाला १८३७ पासून माहीत आहे. खाणीच्या पैशातून गावाला काय मिळालं हा प्रश्न विचारायला २०१५ पासून आपल्याच कायद्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. पण साडूला कुणी विचारत नाही, की बाबा, तुझ्या शेजारच्या खाणीत कोण राबतं, त्याला मुखपट्टी मिळते काय, खाण बंद पडल्यावर खड्ड्याचं काय झालं? याची उत्तरं तो मोटारसायकलवर जाऊन अर्ध्या दिवसात आणू शकेल. विचारतात ते काँगोचं, जे त्याला या जन्मी कळणार नाही.

शहाणपण असं सांगेल, की जगात या धातूंच्या भट्ट्या काही शेच आहेत, सगळं खनिज त्यांच्याच तोंडातून जातं, तर पात्रांवांनी तिथे माणूस पाठवावा. काही पाठवतातही. उरलेल्यांनी इतवारीच्या शेटजीला स्वतः फोन लावावा. नंबर मी मिळवून देतो.

साडूने मला विचारलं, 'नाही' लिहू काय? मी म्हटलं, जे माहीत नाही त्यावर सही करू नकोस, मी अशा सह्यांचं काय होतं ते पाहिलंय. त्याने ऐकलं. 'माहीत नाही' हेच कायम ठेवून तक्ता परत पाठवला. ऑर्डर तीन आठवडे अडकली आहे, चाळीस खोकी माल कारखान्यात पडून आहे, आणि मेहुणी फोनवर माझ्याशी बोलत नाही, सरळ बहिणीकडे द्या म्हणते.